खोड की बिघाड? पहिली जुनी हार्ले घेणाऱ्यासाठी

आमच्या गॅरेजात माझ्या जुन्या हार्ले मोटरसायकलखाली कायम एक पुठ्ठा अंथरलेला असतो आणि त्यावर सध्या तेलाचे तीन डाग आहेत. मागच्या चेनखालचा डाग ऑइलरचा. कारखान्यानेच चेनवर थेंब थेंब तेल सोडायची सोय करून ठेवली आहे, ते सांडणारच. दुसरा ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीखालचा, तोही चालतो. तिसरा पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या नळीखालचा. हा डाग मागच्या महिन्यापर्यंत नव्हता, म्हणजे सील गेलं. पहिले दोन डाग म्हणजे खोड, तिसरा म्हणजे बिघाड. एवढं कळायला मला चार वर्षं लागली. त्या काळात नको तिथे बरेच पैसे घातले आणि हवं तिथे दुर्लक्ष केलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

मी मूळ कोल्हापूरचा. मामाच्या बुलेटवर शिकलो, पुढे नोकरीने विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत आणून टाकलं. १९०३ साली हार्ले-डेव्हिडसन सुरू झाली ती याच गावात. इथे राहून जुनी हार्ले घ्यावीशी वाटणं म्हणजे कोल्हापुरात राहून पांढरा रस्सा खावासा वाटण्यासारखं आहे. माझी गाडी १९७६ची एफएक्स सुपर ग्लाइड, शोव्हेलहेड इंजिन, १२०० सीसी, फक्त किक. बटण नाही. समोर राहणारे एक निवृत्त टूलमेकर आजोबा माझे गुरू. खाली जिथे जिथे शहाणपणा दिसेल तो त्यांचा, चुका माझ्या.

कागदपत्रांचे नियम मी विस्कॉन्सिनचे सांगतोय. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या वाहन खात्याचे नियम बघून घ्या.

१. आधी इंजिन ठरवा, रंग नंतर

जुन्या हार्लेचं नाव तिच्या इंजिनावरून पडतं, आणि इंजिनाचं नाव वरच्या रॉकर कव्हरच्या, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या झाकणाच्या आकारावरून. ही नावं लोकांनी ठेवलेली.

नकलहेड (१९३६ ते १९४७): कव्हरचे नट मुठीच्या पेरांसारखे दिसतात. देखणं इंजिन, पण किंमत अशी की चालवायचीच भीती वाटावी.

पॅनहेड (१९४८ ते १९६५): उलटी घातलेली परात. शेवटच्या वर्षी, १९६५ला, इलेक्ट्रा ग्लाइडला पहिल्यांदा बटण स्टार्ट मिळाला.

शोव्हेलहेड (१९६६ ते १९८४): कोळशाचं फावडं. पार्ट सगळे मिळतात, बाहेरच्या कंपन्याही बनवतात. माझ्या मते पहिल्या जुन्या हार्लेसाठी हेच इंजिन. त्यातही १९७० नंतरचं घ्या. जनरेटर जाऊन अल्टरनेटर आला आणि पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा उघडमीट करणारा स्विच, उजव्या बाजूच्या झाकणाखाली आले. दोन स्क्रू काढले की समोर.

आयर्नहेड स्पोर्टस्टर (१९५७ ते १९८५): लोखंडी हेडचं. स्वस्त मिळतं म्हणून नवखे याच्यावर उड्या मारतात. १९७४पर्यंतच्या स्पोर्टस्टरचे गिअर उजव्या पायात आहेत, बुलेटवर वाढलेल्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटतं. १९७५पासून सरकारी नियमामुळे गिअर डावीकडे गेले. पण इंजिन दाटीवाटीचं आहे, काहीही करायचं तर आधी चार गोष्टी उघडा. स्वस्त आहे एवढ्याच कारणासाठी घेऊ नका.

रोज ऑफिसला जायला गाडी हवी असेल तर हा लेख इथेच सोडा आणि १९८४ला आलेल्या इव्होल्यूशन इंजिनाची एखादी घ्या. तेल गळत नाही, बटण दाबलं की चालू. त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि इंडियन? मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची ही कंपनी हार्लेहून दोन वर्षांनी जुनी, १९०१ची. १९५३ला तिथलं उत्पादन थांबलं. मोठाले झाकलेले मडगार्ड असलेली चीफ बघितली की मीही रस्त्यात थांबतो. पण पहिली गाडी म्हणून नको, खिसा तिथेच रिकामा होईल.

एक गोष्ट हमखास ऐकायला मिळेल, की एएमएफच्या काळातली गाडी घेऊ नका. १९६९ला हार्ले एएमएफ नावाच्या कंपनीकडे गेली. ही मंडळी बोलिंगचं सामान वगैरे बनवायची. १९८१ला हार्लेच्याच तेरा अधिकाऱ्यांनी कंपनी परत विकत घेतली. मधल्या काळात कारखान्यात काम ढिलं झालं होतं, ते खरंच आहे. पण आज त्या गाडीला पंचेचाळीस-पन्नास वर्षं झाली. कारखान्याने काय चुकवलं यापेक्षा नंतरच्या चार मालकांनी काय करून ठेवलं हे बघा. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने टाकीचा एक बोल्ट आटे गेल्यावर चक्क शिसं ओतून बसवला होता. ते काही एएमएफने केलेलं नव्हतं.

२. लायसन्स

कारच्या लायसन्सवर मोटरसायकल चालत नाही. इथे क्लास एम लागतो. लेखी परीक्षा देऊन शिकाऊ परमिट काढा आणि बेसिक रायडर कोर्स करा. तो पास झालात की वाहन खात्याची चालवण्याची परीक्षा माफ होते.

"मी कोल्हापुरात पंधरा वर्षं बुलेट चालवलीय" हे वाक्य कोर्समध्ये बोलू नका. मी बोललो होतो. पहिल्याच तासाला लक्षात आलं की माझा उजवा पाय अजून गिअर शोधतोय आणि चौकात वळताना डोळे चुकीच्या बाजूला जातायत. कोर्सच्या गाड्या हलक्या असतात. तिथून उठून थेट अडीचशे किलोच्या शोव्हेलवर बसू नका, मध्ये एक उन्हाळा साध्या गाडीवर काढा.

३. कागद: सगळ्यात मोठा सापळा इथे आहे

गाडी खराब असेल तर दुरुस्त होते. कागद खराब असेल तर गॅरेजात लोखंडाचा ढीग उरतो.

इथे मालकीचा कागद म्हणजे टायटल. त्यावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर एकच हवा, हे कोणीही सांगेल. पण जुन्या हार्लेत नंबर कुठे असतो यातच गंमत आहे.

१९६९पर्यंतच्या गाड्यांना नंबर फक्त इंजिनावर आहे. फ्रेमवर कारखान्याने नंबर टाकलेलाच नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे इंजिनाचा तो एक तुकडा. त्या काळच्या गाडीच्या फ्रेमवर कोणी नंबर ठोकलेला दिसला तर कान टवकारा.

१९७०पासून नंबर इंजिनावरही आहे आणि फ्रेमच्या मानेवर, म्हणजे जिथे हँडलचा दांडा बसतो तिथेही. दोन्ही जुळले पाहिजेत. सत्तरच्या दशकात हा नंबर नऊ अक्षरांचा असायचा आणि शेवटी एच आणि वर्षाचा आकडा: एच६ म्हणजे १९७६. सतरा अक्षरांचा नंबर १९८१पासून आला. १९७४च्या गाडीला सतरा अक्षरं दिसली तर तो कारखान्याचा नंबर नाही. मग राज्याने नंतर दिलाय का, का दिलाय, हे विचारा.

नंबर नुसता वाचू नका, त्याच्या खालची जागा बघा. ओतीव भागाचा खडबडीतपणा तिथेही तसाच हवा. घासून गुळगुळीत केल्याच्या रेघा दिसल्या तर टॉर्च बंद करा, हसून नमस्कार करा आणि निघा. जमलं तर इंजिनाच्या पोटाखाली आरसा धरून बघा. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, डाव्या-उजव्या भागावर बारीक नंबर असतात, त्यांना इथे बेली नंबर म्हणतात. ते जुळत नसतील तर एक भाग बदललेला आहे. तो गुन्हा नव्हे, पण किमतीत दिसायला हवा.

माझी गोष्ट सांगतो. पहिली गाडी बघायला शेजारच्या राज्यात गेलो होतो. निळी, क्रोम लखलखीत. विकणारा म्हणाला, टायटल हरवलंय, पण विक्रीची पावती देतो, तुझ्या राज्यात सहज होऊन जाईल. मी खिशात रोख घेऊनच गेलो होतो. आजोबा बरोबर होते, ते फक्त एवढंच म्हणाले, "सहज होतं, तर यानेच का नाही केलं?" परतीच्या दोन तासांत मी एक शब्द बोललो नाही. पण त्या एका वाक्याने माझे सहा हजार डॉलर वाचवले.

दुसरा सापळा उघड्या टायटलचा. टायटलवर मागच्या मालकाची सही आहे, घेणाऱ्याची जागा कोरी आहे, आणि तुम्हाला विकणारा माणूस या कागदावर कुठेच नाही. त्याला टायटल तुमच्या हातात द्यायचा अधिकार नसतो. समोरच्याचं ओळखपत्र आणि टायटलवरचं नाव एकच हवं.

जवळ असायला हवं ते:

- विकणाऱ्याच्याच नावाचं मूळ टायटल, तुमच्यासमोर सही केलेलं
- त्यावर कर्जाचा बोजा लिहिलेला असेल तर तो फिटल्याचं पत्र
- विक्रीची पावती: नंबर, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या
- विस्कॉन्सिनमध्ये टायटल आणि नोंदणीसाठी एमव्ही१ हा अर्ज
- इंजिन आणि मानेवरच्या नंबरांचे फोटो, गाडी घेण्याआधी काढलेले
- विमा: साधा नको, ठरलेल्या किमतीचा घ्या. नाहीतर अपघातानंतर कंपनी तुमच्या गाडीला पन्नास वर्षांचं भंगार समजते.

वीस वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला इथे कलेक्टर, म्हणजे जुन्या गाड्यांच्या संग्राहकाची, नंबरप्लेट मिळते. त्या प्लेटवर जानेवारीत गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मिलवॉकीत जानेवारीत मोटरसायकल काढणारा माणूस मला भेटायचाय.

४. गाडी बघायला जाल तेव्हा

आदल्या दिवशी फोनवर एकच विनंती करा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी सायलेन्सरच्या नळीला हात लावा. गरम लागली तर समजा थंड गाडी चालू होत नाही, आणि ती तुम्हाला कळू द्यायची नव्हती.

मग त्याला किक मारू द्या. किती लागल्या मोजा. थंड शोव्हेल आठ-दहा किकमध्ये चालू झाली तर तक्रार नाही. चालू झाली की लगेच ऑइल टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. या इंजिनात तेल वेगळ्या टाकीत असतं. पंप ते इंजिनात ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने परत टाकीत आणतो. परतीचं तेल उसळताना डोळ्यांना दिसलं पाहिजे. मिनिटभरात दिसलं नाही तर इंजिन बंद करायला सांगा.

निळा धूर सुरुवातीला आला आणि विरला तर फार काळजी नाही. दहा मिनिटांनी गरम इंजिन रेस केल्यावरही येत असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड. ते काम मोठं आहे.

आता गाडी एका ठोक्यावर, म्हणजे एक्सिलेटर न देता, शांत उभी असताना कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या नळीच्या जोडांवर कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारा. गरम सायलेन्सरवर नाही, जोडावरच. इंजिनाचा ठोका बदलला तर तिथून हवा ओढतेय. शोव्हेलचा हा सगळ्यात नेहमीचा आजार. लोक महिनोन्महिने कार्बोरेटर पिळत बसतात आणि दोष असतो त्या जोडातल्या रबरात. दुरुस्ती स्वस्त आहे, पण किंमत ठरवताना बोलून घ्या.

बॅटरीवर मीटर लावून इंजिन रेस केलं की साधारण १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. तेवढे नसतील तर चार्जिंगच्या भागांपैकी, म्हणजे रोटर, स्टेटर, रेग्युलेटर यांपैकी काहीतरी बसलंय. बऱ्याचदा रेग्युलेटरची अर्थिंगची तारच सुटलेली असते.

शेवटी फ्रेमची मान. सत्तरच्या दशकात चॉपर करायच्या नादात कितीतरी जणांनी माना कापून पुढचं चाक लांबवलं आणि पुढे कोणीतरी परत वेल्ड करून सरळ केल्या. रंगाखाली पुट्टीचा फुगवटा, वेल्डिंगची ओबडधोबड रेघ, यांपैकी काहीही दिसलं तर गाडी सोडा. मानेच्या बाबतीत सौदा नाही.

५. हत्यारं

भारतातून आणलेली पान्ह्यांची पेटी मी मोठ्या प्रेमाने उघडली आणि तिसऱ्या मिनिटाला एका नटाचे कोपरे गोल करून ठेवले. या गाड्या इंचात आहेत. मिलिमीटरचा पान्हा इंची नटाला बसल्यासारखा वाटतो, बसत नाही.

- इंची पान्हे आणि सॉकेट, ३/८ ते ३/४. ७/१६, १/२ आणि ९/१६ दोन-दोन
- फीलर गेज (फट मोजायच्या पात्या), टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर
- निळं लॉकटाइट (नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद), मोठी बाटली
- सोबत ठेवायला प्लग, पॉइंट, कंडेन्सर, मागच्या दिव्याचा बल्ब
- तुमच्या वर्षाचं कारखान्याचं सर्व्हिस मॅन्युअल आणि पार्ट्सचं पुस्तक

शेवटची गोष्ट सगळ्यात आधी घ्या. मला व्हिडिओ बघून काम करायची सवय होती. आजोबांनी मॅन्युअल हातात ठेवलं आणि म्हणाले, यात पान उलटावं लागतं, जाहिरात लागत नाही.

पॉइंटचं अंतर ०.०१८ इंच. हा आकडा मला आता माझ्या रक्तगटाआधी आठवतो.

६. किक

बुलेटवाल्यांनो, इथे डिकॉम्प्रेसरची मूठ नाही, आणि अँपिअरचा काटा मधोमध आणून मारायची युक्तीही चालत नाही. जे काही आहे ते पायालाच कळायला हवं.

माझ्या गाडीवर आधीच्या मालकाने एस अँड एस कंपनीचा सुपर ई कार्बोरेटर बसवलाय. ही कंपनीही इथलीच, विस्कॉन्सिनमधल्या व्हायोला गावची. तुमचा कार्बोरेटर वेगळा असेल तर चोकचा हिशोब थोडा बदलेल. थंड गाडीचा माझा क्रम असा:

पेट्रोलचा कॉक उघडा. चोक पूर्ण लावा. एक्सिलेटर दोनदा पिळा, तिसऱ्यांदा नाही, कारण पिळलं की पंप आत पेट्रोल फेकतो. चावी बंद ठेवून दोन किका सावकाश मारा. आता चावी चालू. किक हळूहळू दाबत न्या, एका जागी पाय अडेल. तिथून अगदी थोडी पुढे सरकवा, दांडा परत वर येऊ द्या. आता अख्ख्या अंगाचं वजन टाकून शेवटपर्यंत न्या. मध्येच थांबलात तर गाडी उलटा झटका देते.

या झटक्याला हसू नका. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, फार पुढे असेल किंवा पॉइंटखालची ही वेळ मागेपुढे करणारी अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून अडकली असतील तर दांडा पायाला उचलून फेकतो. गुडघा ताठ ठेवू नका, जाड तळव्याचे बूट घाला. चप्पल घालून किक मारणारा माझा एक मित्र तीन आठवडे लंगडत होता. गाडी दर दुसऱ्या दिवशी झटका देत असेल तर ती खोड नव्हे. टायमिंग तपासा.

गरम गाडीला चोक नाही, एक्सिलेटर नाही, एकच किक. प्लग ओले केलेत तर चोक काढा, एक्सिलेटर पूर्ण उघडा, चावी बंद ठेवून पाच-सहा किका मारा, मग चावी चालू करून परत एक. एवढ्यानेही नाही झाली तर खाली बसा आणि कॉक उघडला होता का ते बघा. माझ्या एकूण अपयशापैकी निम्मं तरी त्या कॉकचं आहे.

कधीकधी चालू होताना कार्बोरेटरमधून फट् करून शिंक येते. या इंजिनात दोन्ही प्लग एकाच वेळी ठिणगी टाकतात, एक कामाची आणि एक फुकटची. फुकटची नको तेव्हा पडली की शिंक. थंड इंजिनाने एखादी शिंक दिली तर खोड. गरम इंजिन रस्त्यावर सारखं शिंकत असेल तर परत त्या नळीच्या जोडाकडे जा.

७. तेल

इथे मी जी चूक केली ती जवळजवळ प्रत्येक नवखा करतो.

गाडी घेतली त्या पहिल्या जूनमध्ये आम्ही तीन आठवडे भारतात जाऊन आलो. आल्या आल्या ऑइल टाकीतली तेल मोजायची काडी बघितली तर तळाशी जेमतेम तेल. घाबरून दीड क्वार्ट, म्हणजे जवळजवळ दीड लिटर, ओतलं. किका नेहमीपेक्षा जड लागत होत्या, ते अमेरिकेत येऊन माझं वजन वाढल्याचं लक्षण समजलो. गाडी चालू झाली आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात ब्रीदरच्या नळीतून तेलाची धार लागली. गॅरेजची भिंत, बायकोची सायकल, दिवाळीच्या कंदिलांचं खोकं, सगळ्यावर साठ ग्रेडचं काळं तेल. गणपतीत आमच्याकडे आलेली मंडळी अजून त्या भिंतीबद्दल विचारतात.

झालं असं होतं की तेल कुठेच गेलं नव्हतं. टाकी वर, पंप खाली. दोघांमध्ये एक छोटी गोळी आणि स्प्रिंग असते, ती गाडी बंद असताना तेल अडवते. गोळीखाली कचरा आला किंवा स्प्रिंग दमली की तेल थेंब थेंब क्रँककेसमध्ये उतरतं. याला इथे वेट-संपिंग म्हणतात. टाकी रिकामी दिसते, इंजिनाचं पोट भरलेलं असतं, आणि वर मी आणखी ओततो.

म्हणून नियम: थंड गाडीची काडी बघून कधीही तेल ओतू नका. गाडी चालवून आणा, गरम असताना बघा, तेव्हाच ओता. दोन-तीन आठवड्यांत थोडं तेल खाली उतरलं तर खोड आहे. रात्रीतून टाकी रिकामी होत असेल तर बिघाड. पंप उघडून गोळीची बैठक साफ करा.

तेलाचा दिवा हा दुसरा घाबरवणारा प्रकार. भर उन्हात सिग्नलला उभे असताना तो लुकलुकला तर लगेच गाडी ढकलू नका. या इंजिनाच्या तळाला रोलर बेअरिंग आहेत, त्यांना दाबापेक्षा वाहतं तेल महत्त्वाचं. गरम इंजिन एका ठोक्यावर असताना दाब खाली येतोच. थोडं रेस केल्यावर दिवा गेला तर चला. चालत्या गाडीवर लागून राहिला तर तिथल्या तिथे बंद.

८. थरथर आणि तो आवाज

दोन सिलिंडर, मध्ये ४५ अंशांचा कोन, आणि दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. एकानंतर ३१५ अंशांनी, मग ४०५ अंशांनी. गाडी चालते ती लंगडी घालत. हार्लेने १९९४ला हा आवाज ट्रेडमार्क करायचा अर्ज केला होता, २०००ला मागे घेतला. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने नाव आधीच दिलेलं होतं: फटफटी. दिल्लीत तर युद्धानंतर लष्कराने विकलेल्या हार्लेंना मागे डबा जोडून केलेल्या भाड्याच्या फटफट्या १९९०च्या दशकापर्यंत धावत होत्या.

हा आवाज ज्या कारणाने होतो त्याच कारणाने नट सुटतात. इंजिन फ्रेमला थेट बोल्टने आवळलेलं, मध्ये रबर नाही. रबरावर बसवलेलं इंजिन मोठ्या हार्लेत १९८०ला आलं. म्हणून दर रविवारी अर्धा तास: इंजिनाचे बोल्ट, सायलेन्सरचे क्लॅम्प, नंबरप्लेट, आरसे. जो दोनदा सुटला त्याला लॉकटाइट. मागचा बल्ब जातच राहणार, तो खिशातला खर्च समजा. पण इंजिनाचा एकच बोल्ट सारखा सुटत असेल तर तिथे फ्रेमच्या कानाला तडा आहे का ते टॉर्च लावून बघा.

९. रस्त्यावर

ब्रेकवर भरवसा ठेवून चालवू नका, अंतरावर ठेवा. १९७०च्या आसपासचे ड्रम असोत की नंतरची डिस्क, आजच्या कारइतक्या अंतरात गाडी थांबत नाही. पुढची कार थांबेल आणि तुम्ही नाही. पहिले पाचशे मैल घरापासून ढकलत आणता येईल एवढ्याच टप्प्यात फिरवा. ताशी पंचावन्न मैलांवर ती खूश असते, सत्तरला आरशात फक्त रंग दिसतात. हेल्मेटची सक्ती इथे अठरा वर्षांवरच्या लायसन्सधारकाला नाही, तरी घाला.

पार्ट आणि माणसं दोन्ही हवी असतील तर उन्हाळ्याच्या शेवटी आयोवातल्या डेव्हनपोर्टचा जुना बाजार गाठा. जत्रेच्या मैदानावर जुन्या मोटरसायकलींचे पार्ट चादरी पसरून विकायला बसतात, अगदी जुना बाजार भरतो तसे. सकाळी लवकर जा. घासाघीस चालते, पण "किती कमी कराल?" असं विचारू नका. आकडा सांगा आणि गप्प राहा.

१०. हिवाळा

नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायच्या आधी: तेल बदला, जुन्या तेलातलं आम्ल आत ठेवू नका. टाकी गळ्यापर्यंत इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने भरा, कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, कॉक बंद. बॅटरी घरात आणून चार्जरवर. चाकांखाली फळी. बाहेर उघडणाऱ्या नळ्यांच्या तोंडाला कापड, उंदरांसाठी.

एप्रिलात एक-दोन चांगले पाऊस पडून मीठ वाहून जाऊ द्या. चालू करण्याआधी क्रँककेसमध्ये उतरलेलं तेल काढून घ्या, मॅन्युअलमध्ये तुमच्या वर्षाचा प्लग कुठे आहे ते दिलंय. मग किक.

यंदा मला चार लागल्या. समोरच्या व्हरांड्यात आजोबा एका हातात कॉफीचा मग घेऊन बसले होते, दुसऱ्या हाताची चार बोटं त्यांनी वर केली. मी कॉलर ताठ केली. तेवढ्यात ते ओरडले, चोक अजून लागलेलाच आहे.